शेतमालासाठी पिकअप घ्यायची आहे: डिझेल, सीएनजी की पेट्रोल?

सोयाबीन निघालं, संत्र्याला रंग चढायला लागला की नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, सावनेर, उमरेडकडच्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. भाड्याच्या गाडीची वाट बघणं पुरे झालं, यंदा आपलीच पिकअप घेऊ. मग शोरूमवाला एक सांगतो, मेहुणा दुसरंच सांगतो आणि चौकातल्या पानठेल्यावर तिसरं मत तयार असतं. ‘डिझेलला तोड नाही’ म्हणणारे आहेत, ‘आता सीएनजीचाच जमाना’ म्हणणारेही आहेत. दोघंही आपापल्या कामापुरते खरंच बोलतात, पण त्यांचं काम तुमच्या कामासारखं असेलच असं नाही.

पहिल्यांदाच मालवाहू गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: इंधन सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी माल, मग रस्ता, मग पंप. या तिघांचा हिशोब नीट मांडला की डिझेल की सीएनजी हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

आधी एक वही

गेल्या वर्षी शेतातून काय-काय बाहेर गेलं आणि काय-काय आत आलं, ते महिन्यानुसार लिहून काढा. आठवत नसेल तर अडत्याच्या पट्ट्या, जिनिंगच्या पावत्या आणि कृषी केंद्राची बिलं काढून बसा. माल कोणता, किती क्विंटल, कुठे गेला, एका वेळी किती नेला, एवढंच हवं.

हे लिहिताना एक गोष्ट लगेच दिसेल. संत्रेवाल्याचं काम दोन-तीन महिन्यांत कोंबलेलं असतं. आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मधल्या काळात गाडी खताच्या पोत्यांना आणि लग्नाच्या सामानाला. भाजीवाल्याचं उलटं: रोज थोडा माल, पण वर्षभर. कापूसवाल्याचं तिसरंच. कापूस वजनाला हलका आणि जागेला भारी, हौदा भरतो पण खालचे स्प्रिंगचे पाटे बसत नाहीत. भिवापूरकडचा मिरचीवालाही याच गटात.

म्हणजे ‘पिकअप कोणती चांगली’ असं विचारण्यात अर्थ नाही. सगळ्यात वाईट पंधरवड्यात, म्हणजे माल तयार, भाव बरा आणि मजूर हाताशी असताना एका फेरीला किती वजन न्यावं लागतं, हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आणि हो, वहीतून वर्षाला जेमतेम पंधरा-वीस फेऱ्या निघत असतील तर वही मिटा आणि भाड्याची गाडीच सुरू ठेवा. हप्ता, विमा, टॅक्स आणि फिटनेस गाडी उभी असली तरी चालूच राहतात.

पासिंग आणि खरं वजन

आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. या दोघांतला फरक म्हणजे पासिंग, पण त्यातून तुम्ही, ड्रायव्हर आणि सोबतचा गडी वजा व्हायचे असतात. शिवाय कापसासाठी हौद्याला उंच लोखंडी कठडे लावले, वर ताडपत्रीचे पाइप लावले, की तेही त्यातच मोजायचे.

क्रेटचं वजन विसरणारे तर खूप. संत्र्याचा एक क्रेट साधारण वीस किलोचा धरला तर साठ क्रेटचे बाराशे किलो झाले. पण रिकाम्या क्रेटलाही दीड-दोन किलो वजन असतंच. साठ क्रेट म्हणजे आणखी क्विंटलभर. कागदावर ‘बाराशे किलो माल’ असलेली गाडी काट्यावर तेराशे दाखवते ती अशी.

पाण्याचं गणित त्याहून सोपं आणि त्याहून फसवं आहे. फवारणीसाठी हजार लिटरची प्लॅस्टिक टाकी हौद्यात ठेवली की तो एक टन झाला. अर्धी भरलेली टाकी वळणावर एका बाजूला झोके घेते, त्यामुळे छोट्या गाडीत ती एकतर पूर्ण भरा नाहीतर नेऊच नका.

आता बाजारातल्या गाड्यांकडे बघू. मारुतीची सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते आणि सीएनजीवर ६२५. तीच गाडी, तेच इंजिन, मधले एकशे पंधरा किलो सिलिंडर आणि त्याच्या जोडणीने खाल्ले. टाटा इंट्रा व्ही-२० ही सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी, एक टनाच्या वर्गातली. डिझेलमध्ये इंट्रा व्ही-३० तेराशे किलोची, व्ही-५० पंधराशेची. महिंद्राची बोलेरो पिकअप तेराशेपासून सतराशे किलोपर्यंत वेगवेगळ्या रूपांत मिळते आणि टाटा योद्धा थेट दोन टनांपर्यंत जाते. अशोक लेलँडची दोस्त आणि बडा दोस्तही याच पंक्तीत. बोलेरो मॅक्सचे सीएनजी प्रकारही आले आहेत. मॉडेलं दर वर्षी बदलतात, म्हणून घेताना आकडा ब्रोशरवर न बघता त्या नेमक्या मॉडेलच्या कागदावर बघा.

‘पासिंग एक टन, पण दोन टन आरामात उचलते’ हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. उचलते, यात शंका नाही. थांबते का, हे विचारा. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून ओव्हरलोडचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा आहे. एका चालानात अख्ख्या हंगामाची इंधनातली बचत जाते.

किलोमीटरमागे मोजू नका, क्विंटलमागे मोजा

इथे जरा थांबून हिशोब करू, कारण बहुतेकांची गाडी इथेच चुकते. शोरूममध्ये सांगतात की सीएनजी किलोमीटरला इतकी स्वस्त पडते. ते खरंही असतं. पण तुम्हाला किलोमीटर विकायचे नाहीत, संत्री विकायची आहेत.

उदाहरणासाठी आकडे सोपे घेतो, तुम्ही त्या दिवशीचे घाला. डिझेल ९० रुपये लिटर आणि भरलेल्या पिकअपचं ॲव्हरेज १२ धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि ॲव्हरेज १५ धरलं तर सहा रुपये. दीड रुपयाचा फरक, सीएनजीच्या बाजूने.

आता काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात तीस क्विंटल संत्री न्यायची आहेत. जाऊन-येऊन १३० किलोमीटर धरा. पंधरा क्विंटल नेणारी डिझेल पिकअप दोन फेऱ्यांत काम संपवते: २६० किलोमीटर, १९५० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ६५. सीएनजीची छोटी गाडी एका वेळी नऊ क्विंटल नेते, म्हणून तिला चार फेऱ्या लागतात आणि चौथी दोन-तृतीयांश रिकामीच जाते. ५२० किलोमीटर, ३१२० रुपये, क्विंटलमागे १०४. ‘स्वस्त’ गाडी दीडपटीहून महाग पडली, ड्रायव्हरचे दोन जास्तीचे दिवस तर मी धरलेच नाहीत.

उलट बाजूही बघा. कळमेश्वरकडचा शेतकरी रोज पहाटे सहा क्विंटल वांगी-मेथी-सांभार (कोथिंबीर) घेऊन नागपूरच्या कॉटन मार्केटला येतो. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. दोन्ही गाड्यांना एकच फेरी. डिझेलला ३७५, सीएनजीला ३०० रुपये. रोजचे ७५, वर्षात दोनशे दिवस माल आला तर पंधरा हजार. शिवाय छोटी गाडी विकत घेतानाही स्वस्त आणि मार्केटच्या गर्दीत वळवायलाही बरी. या माणसाने दीड टनाची डिझेल गाडी घेऊन ती अर्धी रिकामी पळवण्यात काहीच हशील नाही.

तुमच्या वहीतला तो मोठ्या अक्षरातला आकडा इथे घाला. एका फेरीचं वजन नियमितपणे एक टनाच्या पुढे जात असेल तर डिझेलचं पारडं जड. आठ-नऊ क्विंटलच्या आत राहत असेल तर सीएनजीचा विचार नक्की करा. मधल्यांनी पुढचं वाचावं.

वावरातून रस्त्यावर

डांबरी रस्त्यावर, भरल्या गाडीने, साठच्या वेगाने जाताना दोन्ही इंजिनं सारखीच वाटतील. फरक कळतो तो पहिल्या दोनशे मीटरमध्ये.

ऑक्टोबरचा परतीचा पाऊस पडून गेलाय, काळी माती वरून सुकलेली आणि आतून लोण्यासारखी. गाडी झाडांच्या ओळीजवळ उभी करून क्रेट भरले. आता पांदणीतून बाहेर काढायची, आणि जिथे पांदण रस्त्याला मिळते तिथे हातभर उंच चढ. गाडी हळू, क्लच अर्धा दाबलेला, मागची चाकं घसरायच्या बेतात. या क्षणी इंजिनाने कमी फेऱ्यांत, म्हणजे कमी आरपीएमला, जोर द्यायला हवा. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन २०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, तोही साधारण १४०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात, म्हणजे इंजिन जेमतेम गुरगुरत असताना. योद्ध्याचा आकडा २५० आहे. सव्वा लिटरच्या आसपासची पेट्रोल-सीएनजी इंजिनं शंभरच्या आगेमागे असतात आणि त्यांना जोर यायला जास्त फेऱ्या लागतात. ड्रायव्हर मग ॲक्सिलरेटर दाबतो, चाकं जागेवर फिरतात, खड्डा खोल होतो आणि शेजारच्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. क्लच जळाल्याचा वास आला तर समजा हंगाम संपताच क्लच प्लेटचा खर्च आहे.

असं का होतं, तेही थोडक्यात. डिझेल इंजिन हवा खूप जास्त दाबतं आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटतं. टर्बो असेल तर हवा आणखी कोंबली जाते. सीएनजीत इंधन हेच वायुरूप असल्याने ते सिलिंडरमधली हवेची जागा खातं, म्हणून तीच गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर टाकली की ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी असेल तर पांदणीतून निघताना पेट्रोलवर आणि डांबरीवर आल्यावर गॅसवर, ही युक्ती चांगली चालते.

तुमचं वावर डांबरीला लागून असेल, किंवा माल ट्रॅक्टर-ट्रॉलीने रस्त्यापर्यंत आणून तिथे पिकअपमध्ये भरत असाल, तर या मुद्द्याला फार महत्त्व देऊ नका. नागपूर जिल्हा तसा सपाटच. पण छिंदवाड्याकडे माल जात असेल तर सौंसरच्या पुढचा सिल्लेवानी घाट लक्षात ठेवा. भरलेली छोटी सीएनजी गाडी तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडते.

गॅसचा पंप किती लांब?

नागपूरची सीएनजीची गोष्ट मुंबई-पुण्यासारखी नाही. इथे पाइपलाइन नव्हती, गुजरातहून द्रवरूप गॅस टँकरने आणून त्याचा सीएनजी करून विकला जायचा. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी १२० रुपये किलोवर गेला होता आणि देशातला सगळ्यात महाग म्हणून बातम्यांत आला होता. ज्यांनी त्याआधी गाड्यांना किट बसवले होते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. नंतर समृद्धी महामार्गाच्या कडेने गेलने मुंबई-नागपूर गॅसवाहिनी टाकायला घेतली आणि पंपही वाढले. तरी गॅसचा भाव डिझेलपेक्षा जास्त हेलकावे खातो, हे धरूनच चला.

तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे तो तुमच्या नेहमीच्या वाटेवरचा पंप. मोबाइलच्या नकाशावर दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका. हंगामात ज्या वेळी तुमची गाडी तिथून जाणार त्याच वेळी, म्हणजे पहाटे किंवा संध्याकाळी, दोन-तीनदा जाऊन बघा. रिक्षांची रांग किती आहे? प्रेशर पुरतं मिळतं का? जिथे गॅस वाहिनीने न येता सिलिंडर लादलेल्या ट्रकने येतो, तिथे ट्रक रिकामा होत आला की प्रेशर पडतं आणि टाकी अर्धीच भरते. सीएनजी दोनशे बारच्या दाबाने भरतात. मेच्या उन्हात, पारा पंचेचाळीसवर असताना, तेवढ्याच दाबाला वजनाने कमी गॅस बसतो. म्हणून उन्हाळ्यात एका भरण्यात पल्लाही थोडा कमी मिळतो.

वाकडी वाट करावी लागत असेल तर तिचाही हिशोब करा. समजा बारा किलोच्या टाकीत १८० किलोमीटर जाता येतं, पण पंप बारा किलोमीटर आडवाटेला आहे. प्रत्येक भरण्यामागे चोवीस किलोमीटर फुकट गेले, कामाचे राहिले १५६. १०८० रुपयांना १५६ किलोमीटर म्हणजे सुमारे ६ रुपये ९२ पैसे. मघाचा दीड रुपयाचा फायदा अठ्ठावन्न पैशांवर आला, आणि रांगेतला वेळ वेगळाच. पंप कळमना किंवा कॉटन मार्केटच्या वाटेवरच असेल तर यातलं काहीच लागू नाही, मग बिनधास्त घ्या.

बाहेरून किट बसवण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. कंपनीची सीएनजी गाडी घ्या, सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करा आणि तिचं प्रमाणपत्र गाडीत ठेवा, कारण पंपावर ते मागतात. छोटी पेट्रोल टाकीही अधूनमधून वापरत राहा. महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल ऐनवेळी दगा देतं.

आजचं डिझेल जुनं डिझेल नाही

ज्यांच्या डोक्यात वडिलांची जुनी जीप आहे, त्यांनी हा भाग नीट वाचावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि डिझेल गाडीचा स्वभावच बदलला. सायलेन्सरच्या वाटेत आता काजळी पकडणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच जास्त इंधन जाळून, आतलं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेऊन काजळी जाळते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एकसारखं, बऱ्या वेगाने चालवावं लागतं.

आता तुमची गाडी रोज घर ते वावर, वावर ते घर, तीन-तीन किलोमीटर चालत असेल तर काजळी जळणार कधी? मीटरवर दिवा लागतो, मग गाडी जोर कमी करते, आणि शेवटी वर्कशॉपला न्यावी लागते. हंगामात कळमन्याच्या फाटकाबाहेर तासन् तास इंजिन चालू ठेवून रांगेत उभं राहिलं तरी तेच. म्हणून गाडीचं बहुतेक काम आखूड फेऱ्यांचं असेल तर डिझेलवर लाखभर जास्त घालण्याआधी दोनदा विचार करा. आणि घेतलीच, तर आठवड्यातून एकदा अमरावती रोडला किंवा वर्धा रोडला एक लांब चक्कर मारा.

शेतकऱ्याला लागू पडणारी आणखी एक गोष्ट शोरूममध्ये सांगत नाहीत. काजळी जळताना सायलेन्सरच्या भागाला प्रचंड उष्णता असते. अशा वेळी गाडी वाळलेल्या तणसावर, गव्हाच्या धांड्यांवर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभी करू नका. आग लागायला वेळ लागत नाही.

काही गाड्यांत धूर साफ करण्यासाठी डीईएफ नावाचं पाणी वेगळ्या टाकीत घालावं लागतं. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. ‘युरियाच तर आहे, घरी पोतं पडलंय’ हा विचार मनात आला तर तिथेच झटकून टाका. खताच्या युरियातल्या अशुद्धीने आणि विहिरीच्या पाण्याने ती सगळी यंत्रणा बाद होते आणि दुरुस्तीचं बिल बघून झोप उडते.

तिसरी गोष्ट डिझेलच्या शुद्धतेची. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल या गाडीत ओतायचं नाही. ड्रममधली धूळ आणि पाणी जुन्या पंपाने सहन केलं, आजच्या कॉमन रेल इंजिनात हजार बारच्या वरच्या दाबाने इंधन फवारलं जातं, तिथे बारीक कणही इंजेक्टर खराब करतो. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या ‘बायोडिझेल’कडे तर बघूही नका. फिल्टरमध्ये साचलेलं पाणी कसं सोडायचं ते डिलिव्हरीच्याच दिवशी मेकॅनिककडून हाताने करून शिकून घ्या. पावसाळ्यात ते वरचेवर करायचं असतं.

एवढं पथ्य पाळलं तर डिझेल गाडी लाखो किलोमीटर साथ देते, आणि गावाकडे जुन्या डिझेल पिकअपला गिऱ्हाईकही पटकन मिळतं.

पेट्रोल कुणी घ्यावं?

फार थोड्यांनी. जवळ गॅस नाही, वजन पाच-सहाशे किलोच्या आत, फेऱ्या आखूड आणि वर्षाचे किलोमीटर कमी, अशा माणसाला पेट्रोलची छोटी गाडी सोयीची. घ्यायला स्वस्त, देखभाल सोपी, डीपीएफची कटकट नाही. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने ॲव्हरेज थोडं उतरतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

ट्रॉली ओढायची असेल तर

यूट्यूबवर अमेरिकेतले शेतकरी पिकअपमागे घोड्यांचे आणि गवताच्या गाठींचे ट्रेलर ओढताना दिसतात, आणि पेट्रोल की डिझेल यावर तिथे मोठे वाद झडतात. पण तिकडे फोर्डच्या सुपर ड्यूटीला ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन मिळतं आणि ६.७ लिटरचं डिझेल. आपल्याकडची सव्वा लिटरची गाडी बघून ती तुलना करण्यात अर्थ नाही. तिथेही सांगतात ते एवढंच: कधीमधी ओढायचं असेल तर पेट्रोल, रोज जड ओढायचं असेल तर डिझेल.

आपल्याकडे ओढकाम ट्रॅक्टरकडेच ठेवा. ट्रेलरची वेगळी नोंदणी आणि विमा लागतो, आणि गाडीच्या कंपनीने ओढायला परवानगी दिलेली असावी लागते. चेसिसला वेल्डिंग करून हुक बसवून देणारे हवे तितके आहेत. पण ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली उतारावर मागून ढकलायला लागली की पिकअपचे ब्रेक पुरत नाहीत. कंपनीच्या परवानगीने हलकं काही ओढायचंच असेल, तर निवड डिझेलचीच.

कागदपत्रं

एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. पिकअपचे काही प्रकार या रेषेच्या आत आहेत, काही बाहेर. शंभर-दोनशे किलो जास्त पासिंगच्या मोहात तुम्ही रेषेपलीकडे जाताय का, ते आधी बघा.

लायसनची भीती बाळगू नका. ७५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलं. नव्या गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी.

विम्याबद्दल मात्र एक कडू गोष्ट. कापूस वेचणीला हौद्यात बसवून मजूर नेणं इकडे सर्रास चालतं. अपघात झाला तर मालगाडीच्या विम्यात ती माणसं बसत नाहीत आणि भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. मजुरांसाठी ऑटो लावा, ती रक्कम भरपाईपुढे काहीच नाही.

शोरूममध्ये

रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन काही कळत नाही. ‘साहेब, सात-आठ क्विंटल वजन टाकून चालवून बघतो’ असं सरळ सांगा. वाळूच्या गोण्या ठेवा, जवळच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा आणि तिथून उचला. ती क्लच न जाळता, मागे न सरकता निघते का ते बघा. मग उतारावर ब्रेक. मागचा फाळका उघडून हौद्याची उंची मोजा, कारण क्रेट चढवणारा गडी दिवसभर तेवढं उचलणार आहे.

दोन-तीन गावांतल्या पिकअपवाल्यांना भेटा, पण ॲव्हरेज विचारू नका, सगळे वाढवूनच सांगतात. विचारायचं असेल तर हे: गेल्या वर्षी गाडी हंगामात किती दिवस उभी राहिली आणि कशामुळे? काटोल-नरखेडच्या मेकॅनिककडे त्या मॉडेलचे पार्ट मिळतात का, की प्रत्येक वेळी नागपूर गाठावं लागतं?

जुनी गाडी घेत असाल तर सीएनजीच्या सिलिंडरवरची चाचणीची तारीख वाचा. डिझेलमध्ये थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरचा धूर बघा, आणि डीपीएफ काढून टाकलेला नाही ना ते खालून वाकून बघा. पाटे जास्तीचे घातलेले दिसले तर गाडीने आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय, हे पक्कं समजा आणि भाव त्याप्रमाणे पाडा.

पैसे कर्जाने भरणार असाल तर हप्ता दरमहा न ठेवता पिकाच्या पैशाप्रमाणे सहामाही किंवा तिमाही बांधून मिळतो का, हे दोन-तीन ठिकाणी विचारा. आणि डिलिव्हरी शक्यतो हंगामाच्या महिनाभर आधी घ्या. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर अर्ध्या भाराने चालवून पहिली सर्व्हिस झाली, की मगच साठ क्रेट चढवा.